दामू, तुझी पुस्तकं अजून विकायची आहेत

दामू,

मंगळवारी सकाळी तुझ्या नीलेशचा फोन आला आणि मी हसलो. खरंच हसलो. "काका, बाबा गेले," म्हणाला तो, आणि मी म्हणालो, "अरे, नवीन पुस्तक अजून बाइंडिंगला आहे, आत्तापासून कसली जाहिरात करताय? बापाला फोन दे." पलीकडून त्या पोराचा हुंदका ऐकू आला आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दामू गेला म्हणतोय नीलेश. तिच्या तोंडून पटकन गेलं, "परत?"

हे तूच करून ठेवलंस. साठी उलटलेला, धडधाकट, आदल्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी फोनवर भांडणारा माणूस गेला म्हणून सांगितलं, तर घरातल्या दोन शहाण्या माणसांना आधी थट्टाच वाटली. या गोष्टीचा मला तुझ्यावर इतका राग आला आहे की रडायलाही सुचत नाहीये.

आठवतंय ना? 'गाळातले पाय' छापून आलं होतं, तुझं पहिलं पुस्तक. खाडीकाठच्या जमिनी गेल्या, त्यांवर गोदामं उभी राहिली आणि कालपर्यंत भात लावणारी माणसं त्याच जागेवर शिट्टी घेऊन वॉचमन झाली, त्यांची गोष्ट. तू स्वतः दापोड्यातला गोदामाचं भाडं खाणारा जमीनवाला. तू कादंबरी लिहिलीस म्हटल्यावर गावानं तुला वेड्यात काढलं. तू म्हणालास, आपल्याकडे पोराचा पहिला वाढदिवस असला तरी नाक्यावर फ्लेक्स लागतो, मग माझ्या पुस्तकाचा का लागू नये? इथवर ठीक होतं. पण बाकीच्यांसारखा गॉगल लावलेला रंगीत फोटो तुला नको होता. लेखक कसा गंभीर दिसला पाहिजे, म्हणून तू काळापांढरा फोटो दिलास. वर ओळ लिहायला सांगितलीस, 'मातीतल्या माणसाची आठवण'. फ्लेक्सवाल्या पोरानं फोटो बघितला, 'आठवण' हा शब्द वाचला आणि कॉम्प्युटरमधला तयार नमुना उघडला. दोन बाजूंना दोन समया, खाली पांढरी फुलं. पुस्तकाचं नाव एवढं बारीक, की वाचायचं तर रिक्षातून उतरून जवळ जावं लागे. फ्लेक्स अंजूरफाट्यावर लागला आणि पंचक्रोशीपुरता तू मेलास.

दुपारपर्यंत तुझ्या अंगणात पांढऱ्या टोप्या जमल्या. काल्हेरची तुझी मावशी रिक्षातून उतरतानाच गळा काढून आली. आणि तू ओटीवर बनियनवर बसून सुक्या बोंबलाच्या चटणीशी भाकरी खात होतास. मावशी आधी किंचाळली, मग तिनं तुला दोन सणसणीत शिव्या घातल्या. मी तिथंच होतो, मला हसावं की रडावं कळेना. दुसरा कुणी असता तर तासाभरात फ्लेक्स उतरवून मोकळा झाला असता. तू मला कोपऱ्यात घेतलंस आणि म्हणालास, "मास्तर, एवरी लोका माझे दारान कवा आल्ती? नीलेशचे लग्नाला पन न्हाय." आणि आतून गठ्ठा आणून सोडलास. जे रडायला आले होते ते पुस्तक विकत घेऊन गेले. मावशीलाही सोडलं नाहीस. कमळवहिनी आतून ओरडत होत्या, "जित्या मानसाचा सुतक लावताव का?" आणि तू त्यांची समजूत काढत होतास, "रैवारपरत राहू दे गो. रैवारी लोकांना सुटी असतं."

आता तूच सांग, अशा माणसाच्या मरणावर विश्वास कसा ठेवायचा?

आपलं भांडण जुनं होतं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली, ललित लेखांची दोन पुस्तकं काढली, आणि माझं मत पहिल्यापासून ठाम होतं. लेखकानं लिहावं आणि बाजूला व्हावं. पुस्तक चांगलं असेल तर ते आपला वाचक शोधतं. तू म्हणायचास, "कुठं शोधतंय? तुझे पलंगाखाली?" माझी पुस्तकं पलंगाखाली आहेत हे खरं, पण ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती. तुझ्याशी बोलताना नेहमी असंच व्हायचं. मी तत्त्वावर बोलायचो आणि तू माझ्या घरातल्या फर्निचरवर यायचास.

पण तुझी योजना मात्र मानली पाहिजे. मी समजत होतो की तू मिळेल त्याच्या गळ्यात पुस्तक मारतोस. तसं नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांच्याकडे जा ना, या ट्रकवाल्यांच्या मागे का लागतोस? तर म्हणालास, "आवडवाल्यांचे घरान आदीच पुस्तका हायेत. त्यांना मी कशाला पायजे? मना थांबलेला मानूस पायजे." दापोड्याच्या गोदामांच्या गेटबाहेर ट्रकांची रांग मीही रोज बघत आलो होतो. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत सातारचे, लातूरचे ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून पडलेले असतात. त्यांच्याकडे वेळच वेळ असतो आणि करायला काही नसतं. मला त्या रांगेत कधी वाचक दिसला नव्हता. तुला दिसला.

मग तू सगळ्या भिवंडीत थांबलेली माणसं हेरलीस. पिठाच्या गिरणीतल्या बाकावर बसलेल्या बायका, टेमघरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले, सलूनमध्ये पेपर वाचून संपवून बसलेले. जूनमध्ये शाळांच्या फाटकाबाहेर ताटकळलेले पालक. आणि लग्नसराईत हळदीला तू जायचास, पण पुस्तक काढायचा नाहीस. तिथं डीजेपुढे कुणाला काय ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी जायचास, जेव्हा रात्रभर नाचलेले पाहुणे डोकं धरून मांडवात बसलेले असतात आणि वरात निघायला उशीर असतो. भात कधी पेरायचा आणि कधी लावायचा हे जसं ठरलेलं, तसं कुठल्या महिन्यात कुठं उभं राहायचं हे तुझं ठरलेलं. अर्ध्या वेळा हात हलवत परत यायचास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच.

फुकट मात्र कुणाला दिलं नाहीस. आमदाराच्या माणसाला नाही, सख्ख्या मेव्हण्याला नाही. मलाही नाही. मी म्हटलं, मी तुझं हस्तलिखित तपासलंय, मला एक प्रत सही करून दे. तर म्हणालास, सही फुकट देतो, पुस्तक विकत घे. "फुकट घेतलास का तू ते वाचनार न्हाय, माझे तोंडावर वाखानशील नुसता." मी हट्टानं घेतलं नाही, तू हट्टानं दिलं नाहीस, आणि शेवटी माझ्या बायकोनं तुझ्याकडून परस्पर विकत घेऊन ते माझ्या टेबलावर आणून आपटलं.

एकदा घेतलं की मग तू पिच्छा सोडायचा नाहीस. तोच ट्रक पुढच्या खेपेला आला की केबिनला लोंबकळून विचारायचास, "कुठले पानापरत आलास?" त्या लातूरच्या ड्रायव्हरनं पुस्तक तुझ्या हातात परत ठेवलं ते तू मला किती रंगवून सांगितलं होतंस. "मालक, सुरुवातीला लईच पाणी हाय बघा. खाडी, भरती, ओहोटी. माणूस कवा येतंय म्हणून वाट बघून मला झोप लागली." तू त्याचे पैसे परत केलेस आणि तसाच माझ्याकडे आलास, काहीतरी सापडल्यासारखा. अरे, हेच मी हस्तलिखित वाचून सांगितलं होतं! तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. ड्रायव्हरनं सांगितल्यावर मात्र साहेब दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात बदलून मोकळे. मी तेव्हा खूप चिडलो होतो. आत्ता लिहितानाही थोडा चिडलोच आहे.

आणि एक गोष्ट, जी आपल्यात कधी बोलली गेली नाही. तू एकदा माझ्या पलंगाखालून माझी दोन पुस्तकं उचलून नेलीस, मला न विचारता. काही दिवसांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो सातारच्या बाजूचा ड्रायव्हर होता. माझ्या आजोळच्या विहिरीवरचा लेख त्यानं केबिनमध्ये वाचला होता, त्याच्याही गावात तशीच विहीर होती, ती बुजवली, असं तो बराच वेळ सांगत राहिला. दामू, माझ्या पुस्तकासाठी मला अनोळखी माणसाचा आलेला तो पहिला फोन. मी तुला म्हटलं, तुझ्या ड्रायव्हरचा फोन आला होता. तू म्हणालास, "मग?" मी म्हटलं, "काही नाही." विषय तिथंच संपला. तेव्हा 'आभार' हा शब्द आपल्यात फारच परका वाटला असता. आज वाटत नाही. आज मी तुझे आभार मानतो, आणि ऐकायला तू नाहीस. हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

ही चिकाटी तुझी नव्हती, तुझ्या आयेची होती. ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन खाडीवरून आमच्या आळीत यायची आणि मागं तू, नाक ओढत. माझी आई तिच्याशी घासाघीस करायची, मासळीला नावं ठेवायची, कधी तोंडावर दार लावायची. तुझी आये रुसायची नाही. दोन दिवसांनी काही झालंच नाही अशी पुन्हा ओट्यावर हजर. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कुठल्या सुनेला कोलंबी चालत नाही, कुणाकडे पाहुणे यायचे आहेत, सगळं तिच्या डोक्यात असायचं. तिच्या त्या घरांवर तू दुसरं पुस्तक लिहिलंस, 'आयेची गिऱ्हाइकं'. माझी आई त्यात आहे, दार लावणारी. मी हस्तलिखित वाचताना तिथं थांबलो होतो. चुका काढायला पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं.

या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी तू जे ठरवलंस ते ऐकून मात्र मी हातच टेकले. हॉल नको, प्रमुख पाहुणे नकोत, हार नकोत. पुस्तकं पाटीत घालायची आणि आयेच्या वाटेनं, खाडीवरून आमच्या आळीपर्यंत, तिच्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. जी घरं उरली असतील ती. आणि बरोबर मी. सोमवारी संध्याकाळी फोनवर हेच भांडण झालं. मी म्हटलं, "माझे विद्यार्थी आज आजोबा झालेत, त्यांच्या दारात मी पाटी घेऊन उभा राहू?" तू म्हणालास, "पाटी मी घेतंव. तू नुसती हाक मार. तुमचे आलीतली लोका तुला वलखतान." मी म्हटलं, "मला जमणार नाही." तू म्हणालास, "जमल रे." मी म्हटलं, "उद्या बोलू." आणि फोन ठेवला.

तो उद्या तू येऊच दिला नाहीस.

नीलेशनं हुंदक्यातच जागा सांगितली आणि मी रिक्षा करून कामतघरला, बाइंडरकडे गेलो. बाइंडरच्या गल्लीत नेहमीसारखे कापडाचे लूम चालू होते. माझा मित्र गेला आणि गल्लीतलं एकही यंत्र थांबलेलं नव्हतं. बाइंडर रियाजभाई दारात उभा होता, डोळे लाल. म्हणाला, "मास्टरजी, अभी तो इधरीच बैठे थे. बोले, कवर पे रुई उड के बैठती है, कपडा डालो. मैं कपडा लाने अंदर गया. लूम के आवाज में कुछ समझाच नहीं. बाहर आया तो..." तू तुझ्याच पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसला होतास, म्हणे. तसाच बाजूला कललास. डॉक्टरनं हृदय म्हणून सांगितलं. मी त्या गठ्ठ्याकडे बघत उभा राहिलो. त्याच्यावर खरंच कापसाची रुई बसत होती. मी रियाजभाईला म्हटलं, कपडा टाक. त्यानं टाकला. त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

आणि मग तो फ्लेक्स. नीलेशच्या मित्रांनी दुपारीच लावून टाकला. फ्लेक्सवाल्याकडे तुझा जुना फोटो होताच. तोच काळापांढरा फोटो, त्याच दोन समया, तीच पांढरी फुलं, तोच अंजूरफाटा. फक्त खालचं पुस्तकाचं बारीक नाव काढलेलं. आणि लोकांना वाटलं, दामूशेटचं दुसरं पुस्तक आलं! तुला नेताना मोजकी माणसं होती, दामू. ज्या माणसानं आख्खा तालुका पायाखाली घातला त्याला खांदा द्यायला माणसं शोधावी लागली. आम्ही स्मशानातून परत येत होतो तेव्हा तुझ्या एका वर्गमित्राचा मला फोन आला. हसत हसत म्हणाला, "काय रे, दाम्या परत मेला वाटतं? या वेळी काय भाव?" मी रस्त्यात उभा राहून त्याच्यावर इतका ओरडलो की रिक्षावाले बघायला लागले. तो बिचारा नुसतं "नाही रे, नाही रे" करत राहिला. मग मी रस्त्याच्या कडेला बसलो. सकाळपासून अडकलेलं सगळं तिथं बाहेर आलं.

दहाव्याला मात्र घाटावर उभं राहायला जागा नव्हती. सगळे ओशाळलेले. काल्हेरची मावशी तुझ्या नावानं बोटं मोडत होती आणि रडत होती. "मेल्यान खोटा मरून दाखवला, आता खरा कसा मानू?" म्हणत होती. माझ्या मनातलं ती बोलली.

त्याच दिवशी पुस्तकं आली. रियाजभाईनं टेम्पोनं पाठवली. तुमच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून गठ्ठे रचले गेले आणि नीलेशनं मला बाजूला बोलावून त्याचा विचार सांगितला. तेराव्याला जेवायला येतील त्यांना पुस्तक वाटायचं. आतल्या पानावर चिकटवायला तुझ्या फोटोची चिठ्ठी छापायला दिली होती, 'यांच्या स्मरणार्थ' अशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "फुकट?"

तो म्हणाला, "काका, तेराव्याला लोकांच्या हातात काहीतरी द्यायला लागतंच. सगळे स्टीलचे डबे देतात. त्यापेक्षा बाबांचं पुस्तक दिलं तर वाईट काय?"

"वाईट हे, की ते डब्याबरोबरच माळ्यावर जाईल. जेवून हात पुसता पुसता घेतलेलं पुस्तक कोण उघडतो? तुझ्या बापानं मला दिलं नाही फुकट, आणि तू एका दुपारी सगळी आवृत्ती संपवणार?"

"मग काय करू? बाप गेलाय आणि दारात टेबल टाकून विकत बसू? लोक तोंडात शेण घालतील."

तुझे भाऊ, मेव्हणे, सगळे त्याच्या बाजूनं. आणि दामू, तो चुकीचं बोलत नव्हता. पोर बापाचा मान राखायला बघत होतं. मी कोण? बाहेरचा माणूस. पण त्या खोलीत एकजण असा होता ज्यानं हे होऊ दिलं नसतं, आणि त्याचा फोटो भिंतीवर हार घालून लावला होता. मला वाटलं, तू आता फोटोतून उतरशील आणि म्हणशील, फ्लेक्स रविवारपर्यंत राहू दे. तू उतरला नाहीस. तेव्हा कुठं मला पहिल्यांदा नीट कळलं की तू मेलास.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या मागच्या पडवीत बसल्या होत्या. मी लांबलचक भाषण तयार करून नेलं होतं, लेखकाचे कष्ट, वाचकाची किंमत वगैरे. त्यांनी ते निम्म्यातच तोडलं.

"मना समदा कलतं, भावजी. पन ते गठ्ठे मना बगवत न्हाईत. सकाली उठला का ते. जेवाला बसला का ते. एका दिवसान घर रिकामा होल, म्हून नीलेशला मीच हो सांगतला."

मान-अपमानाचं असतं तर मी वाद घातला असता. इथं एक बाई आपल्या नवऱ्याच्या वस्तूंकडे बघू शकत नव्हती, एवढंच होतं. मी उठायला लागलो, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग मी नेतो."

"कुठं?"

"माझ्या घरी. तेराव्याला डबे द्या. पुस्तकं मी विकतो."

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच माझी शंका आली. "तुमी? तुमाला तं लाज वाटतं."

"वाटते," मी म्हटलं. "अजून वाटते."

त्या म्हणाल्या, "ते रोज सांचे यवाचे, पिशवी पायाशी ठेवाचे आनि मना सांगाचे. आज कोनी घेतला, तो काय बोलला, कोन नको बोलला. मी भाजी चिरत असू. कदी वर बगितला न्हाय, कदी हूं पन न्हाय केला. त्यांना वाटं मी ऐकत न्हाय." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "घेऊन जावा गठ्ठे. पन दर रैवारी येऊन मना सांगाचा. कोनी घेतला, काय बोलला, समदा."

मी हो म्हटलं. नीलेश आधी तोंड पाडून बसला, मग त्यानंच टेम्पो आणला आणि एकेक गठ्ठा स्वतः उचलून माझ्या घरात लावून दिला. बायको म्हणाली, पलंगाखाली आता जागा नाही. ती कोरड्या आवाजात म्हणाली, पण गठ्ठ्यांवर चादर तिनंच घातली. तेराव्याला लोक डबे घेऊन गेले.

त्यानंतर पहिल्यांदा मी एकटा गेलो, दापोड्याच्या गेटबाहेर. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात तुझी पुस्तकं. ट्रकांच्या रांगेत एका केबिनपाशी उभा राहिलो आणि वर्गात पोरांना हाक मारावी तसं म्हटलं, "ऐका." ड्रायव्हर म्हणाला, "वर्गणी मालकाकडून घ्या, काका." दुसऱ्यानं मला आरटीओचा माणूस समजून कागद काढले. तिसरा झोपला होता आणि त्याला उठवायचं धैर्य मला झालं नाही. टेमघरच्या दवाखान्यात बाकावर बसलो, तर शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या गुडघ्यांबद्दल सगळं सांगितलं, आणि मी पुस्तकाचा विषय काढेपर्यंत त्यांचा नंबर लागला. रोज गेलो. एकही गेलं नाही. तू हे वर्षानुवर्षं कसं केलंस? आणि वर हसत कसा यायचास? मला हे तुला विचारायचं आहे, आत्ता, फोन करून. काल फोन हातात घेतलाही होता.

मग रविवार आला. मी तसाच गेटवरून तुमच्याकडे गेलो, आणि दारातून आत जाईपर्यंत मला कळेना की त्या बाईला काय सांगू. वहिनींनी पाट दिला, समोर विळी घेऊन बसल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "किती गेली?"

"चार," मी म्हटलं.

"कोनी घेतली?"

मग मी सुटलोच. एक सातारचा होता, त्यानं केबिनमध्ये उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं. एक बाई दवाखान्यात भेटल्या, त्यांच्या आईकडे पण पाटीवाली यायची, त्यांचे डोळे भरून आले. मी कधी खरंही इतकं रंगवून लिहिलं नसेल, इतकं ते खोटं रंगवून सांगत होतो. वहिनी भाजी चिरत ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी मान वर केली, माझ्या पायाशी ठेवलेल्या, तोंडापर्यंत भरलेल्या पिशवीकडे बघितलं आणि आत जाऊन चहा आणला. कप माझ्यापुढे ठेवला.

"खोटा बोलाचा हाय तं पिशवी भायेर ठेवाची, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना पन कदी सुचला न्हाय."